गेन कमी करा, सूर ऐकू येईल

दर वर्षी स्नेहसंमेलन जवळ आलं की आमच्या बँडरूममध्ये एकच वाद सुरू होतो. गिटारचा आवाज चांगला का येत नाही? कुणी गिटारला दोष देतं, कुणी ॲम्प्लिफायरला, कुणी हॉलला. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा दोष आमच्या हाताचा असतो. गेनचं बटण पार उजवीकडे फिरवून ठेवतो तो हाच हात.

पालकांसाठी थोडं सांगतो. आमचा ॲम्प व्हॉल्व्हचा आहे. ट्रान्झिस्टर येण्याआधी सैन्याच्या वायरलेस सेटमध्येही व्हॉल्व्हच असत. सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक गरजांसाठी १९५४ मध्ये बेंगळुरूला सुरू झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पुढे व्हॉल्व्हही बनवले. तिचा एक कारखाना चंदीगडला लागून, पंचकुल्यात आहे.

हाय-गेन ॲम्पमध्ये छोट्या व्हॉल्व्हचे तीन-चार टप्पे एकामागून एक जोडलेले असतात. एका टप्प्यात मोठा झालेला सिग्नल पुढच्यात मावत नाही, आणि लाटेचा माथा कापला जातो. रॉकमधली ती गुरगुर यातूनच येते. पण माथा जितका जास्त कापला जाईल, तितका हळू आणि जोरात वाजवलेल्या स्वरातला फरक कमी होतो. सोबत विजेची गुणगुणही मोठी होते.

गेल्या वर्षी मी लीड गिटारिस्ट होतो. गेन पूर्ण, बेस पूर्ण, मिडल शून्य, हे माझं लाडकं सेटिंग. खोलीत एकटा वाजवताना ते जबरदस्त वाटायचं. पहिल्या पूर्ण तालमीत ड्रम आणि बेस गिटार सुरू झाले आणि माझी गिटार गायबच झाली. आमचे बँडचे उस्ताद म्हणाले, “बेटा, शोर बहुत है, सुर कहाँ है?”

त्यांनी गेन निम्म्याच्या खाली आणला, बेस कमी केला, मिडल वाढवला. आता गिटार स्पष्ट ऐकू आली, आणि माझ्या चुकाही. दोन तारांमधली घसरगुंडी, अर्धवट दाबलेले स्वर, तालाच्या मागे पडणारा उजवा हात, सगळं उघडं पडलं. त्याच सेटिंगवर नववीतला एक कॅडेट माझ्यापेक्षा स्वच्छ वाजवत होता. सोलो त्याला मिळाला. आठवडाभर मी त्याच्याशी नीट बोललो नाही. आज सांगतो, निर्णय बरोबर होता.

म्हणून माझा आग्रह आहे की बँडरूममध्ये एक पद्धत ठरवावी. आधी गिटार सुरात लावायची. मग सगळी टोनची बटणं मध्यावर आणि गेन शून्यावर ठेवायचा. गेन हळूहळू वाढवायचा आणि स्वर हवा तितका टिकू लागला की थांबायचं. मग थोडा मागे घ्यायचा. बेस कमीच ठेवायचा, कारण खालची जागा बेस गिटार आणि ड्रमची आहे. मिडल कापायचा नाही, गिटारची खरी जागा तिथेच आहे. अजून धार हवी असेल तर ॲम्पच्या आधी ओव्हरड्राइव्हचं पेडल लावावं, त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्य आणि लेव्हल जास्त ठेवून. त्याने खालचा गाळ कमी होतो आणि स्वर घट्ट येतो.

सेटिंग ठरवायचं ते सगळा बँड वाजत असताना, कार्यक्रमाच्याच आवाजात. आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून हॉस्टेलच्या खोलीत गोड वाटलेलं सेटिंग स्टेजवर फसतं. शिवाय स्पीकर गुडघ्याशी असतो आणि कान वर. तिखट आवाज सरळ समोर जातो आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांना टोचतो. एकदा खाली बसून, स्पीकरसमोर कान नेऊन ऐका, पण आवाज कमी करून.

माझे मित्र म्हणतात, “मेटलला गेन लागतोच.” लागतो, मान्य. पण रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारी भिंत बऱ्याचदा एकच भाग दोन किंवा चार वेळा वाजवून उभी केलेली असते. ती एका बटणातून मिळत नाही. मोबाइलवरून उतरवलेले आकडेही उपयोगाचे नाहीत. ती गिटार दुसरी, ती खोली दुसरी, ते हात दुसरे.

ज्युनिअर कॅडेट्सना एक इशारा. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प कधीही चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मागचं झाकण उघडू नका. आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहू शकतात.

ड्रिल स्क्वेअरवर पन्नास जणांचे बूट एकदम वाजतात तेव्हा एकाची चूक लपून जाते, असं आपल्याला वाटतं. उस्तादांना मात्र ती बरोबर ऐकू येते. पूर्ण गेनच्या आड लपणं तसंच आहे. या वर्षी मी रिदम गिटार वाजवतो, गेन निम्म्याच्या खाली ठेवून. माझ्या चुका अजूनही ऐकू येतात, पण आता त्या मला आधी ऐकू येतात.

— एक कॅडेट, इयत्ता बारावी