पिरॅमिड पाहिले, उंबरखिंड कधी पाहणार?

कर्जतमधील आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ गेल्या हिवाळ्यात सपत्नीक इजिप्तची यात्रा करून आले. परतल्यावर त्यांनी चार घरच्या मंडळींना चहाला बोलावले आणि तेथील छायाचित्रे दाखविली. खुफूच्या पिरॅमिडची मूळ उंची सुमारे १४६ मीटर, तो साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, सक्काऱ्याचा पायऱ्यांचा पिरॅमिड त्याच्याही आधीचा, ही सारी माहिती त्यांना मुखोद्गत होती. मंडळी भारावून ऐकत होती. तेवढ्यात एका तरुणाने सहज विचारले, "अण्णा, उंबरखिंडीत कधी गेला होता का?" अण्णा क्षणभर थांबले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "नाव ऐकलंय. आपल्या खालापूर तालुक्यातच ना ती?" कोणी हसले नाही. कारण बसलेल्यांपैकी बहुतेकांचे उत्तर तेच होते.

या प्रसंगात दोष इजिप्तचा नाही आणि एकट्या अण्णांचा तर मुळीच नाही. इजिप्तकडून शिकावे असे पुष्कळ आहे. पण आपण नेमके तेच सोडून बाकी सारे पाहून येतो.

पहिली शिकवण अशी, की त्या देशाने केवळ पिरॅमिड जपले नाहीत, पिरॅमिडांचे क्षेत्र जपले. १९७९ साली जागतिक वारसा म्हणून जी नोंद झाली, ती एका वास्तूची नव्हे. गिझापासून दहशूरपर्यंत पसरलेल्या संपूर्ण राजसमाधी-क्षेत्राची आणि मेंफिस या प्राचीन राजधानीची झाली. कैरोचा वर्तुळाकार महामार्ग या क्षेत्रातून नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९९५ साली जागतिक पातळीवर आक्षेप घेतला गेला आणि इजिप्तच्या शासनाला पर्यायी मार्गाचा विचार करावा लागला. लक्षावधींच्या महानगराची वाहतूक एका बाजूला आणि चार सहस्रकांपूर्वीच्या राजांची विश्रांती दुसऱ्या बाजूला. त्या वेळी पारडे स्मृतीच्या बाजूने झुकले.

दुसरी शिकवण अधिक मोलाची आहे. आजचा इजिप्त बहुसंख्येने मुसलमान आहे. फराओंच्या देवता तेथे आज कोणी पूजत नाही. तरीही ३ एप्रिल २०२१ रोजी २२ राजा-राण्यांचे देह कैरोतील जुन्या संग्रहालयातून नव्या संग्रहालयात नेले गेले, तेव्हा राजरथासारख्या सजविलेल्या वाहनांतून, तोफांच्या सलामीसह त्यांची मिरवणूक निघाली आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांचे स्वागत केले. उपासनापद्धती बदलली म्हणून पूर्वज बदलत नाहीत, हे सत्य त्या देशाने जगासमोर उभे केले. आपल्याकडे हेच वाक्य उच्चारले तर किती लेखण्या सरसावतात, हे वाचक जाणतातच. योगायोग असा, की ३ एप्रिल हीच १६८० साली रायगडावर शिवछत्रपतींनी देह ठेवल्याची तारीख आहे.

आता आपल्याकडे वळू. आपण पिरॅमिड बांधले नाहीत, कारण आपल्या संस्कृतीने देह टिकविण्याचा अट्टहास कधी धरला नाही. देह अग्नीला, अस्थी जळाला आणि मागे राहते ती स्मृती. राजाची समाधीही चार-सहा हात उंचीची असते, वर एखादी छत्री किंवा तुळशीवृंदावन. हा विचार उदात्त आहे. परंतु त्याची एक अट आहे, तिचा आपल्याला विसर पडला. पिरॅमिडाचा दगड स्वतःचे रक्षण स्वतः करतो. समाज झोपला तरी तो उभा राहतो. आपल्या समाधीचे रक्षण करणारा दगड नसतो, समाज असतो. समाज झोपला, की चार पावसाळ्यांत तिचा ढिगारा होतो.

याचे दाखले शोधायला दूर जावे लागत नाही. शहाजीराजांची समाधी कर्नाटकात होदिगेरे येथे, जिजाऊसाहेबांची पाचाडला, शिवछत्रपतींची रायगडावर, संभाजीराजांची वढू बुद्रुकला, राजाराम महाराजांची सिंहगडावर, ताराराणींची संगम माहुलीला. हेच आपले विखुरलेले राजसमाधी-क्षेत्र! मोगल साम्राज्याशी एकाकी झुंजलेल्या ताराराणींची समाधी कृष्णेच्या पुरांनी झिजत राहिली आणि महाराष्ट्र पाहत राहिला. खुद्द रायगडची कथा काय वेगळी आहे? १८१८ साली गड इंग्रजांच्या हाती पडला आणि समाधीवर रान माजले. १८९५ साली लोकमान्य टिळकांनी हाक दिली, लोकांनी वर्गणी जमविली, १८९६ साली गडावर उत्सव झाला, तेव्हा कोठे समाज जागा झाला. जुलै २०२५ मध्ये रायगडासह १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याचा पाया त्या वर्गणीत आहे.

आणि परक्यांचे वर्तन पाहा. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना १८७० साली इटलीत फ्लॉरेन्सला निवर्तले. दोन नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले. तेथे १८७४ साली उभारलेली त्यांची छत्री आजही त्या शहराच्या उद्यानात उभी आहे, इतकेच नव्हे, तर जवळच्या आधुनिक पुलालाही त्या 'भारतीया'चेच नाव आहे. ज्यांचा या राजाशी ना रक्ताचा संबंध ना धर्माचा, त्यांनी त्याची आठवण राखली. आपण आपल्यांची किती राखतो?

हा प्रश्न आम्ही कर्जत-खालापूरकरांना विशेष आग्रहाने विचारतो, कारण आपल्या जिल्ह्याचे नावच एका राजसमाधीच्या गडाचे आहे. १९८१ साली कुलाबा हे नाव जाऊन रायगड हे नाव आले. नाव घेतले म्हणजे उत्तरदायित्वही घेतले. गिझाच्या पिरॅमिडांजवळ १९९० पासून ते बांधणाऱ्या श्रमिकांची थडगी सापडू लागली. राजाच्या सावलीत त्यांनाही मानाची जागा होती. ते केवळ चाबकाखालचे गुलाम होते ही समजूत त्यामुळे मागे पडली. आपल्या राजाची समाधी रायगडावर आहे. परंतु ज्यांच्या मनगटावर ते सिंहासन उभे राहिले, त्या मावळ्यांची समाधी कोठे आहे? ती उंबरखिंडीत आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान रायबागनसह घाट उतरून कोकणात शिरू पाहत होता. चावणीजवळच्या रानात शिवरायांनी त्याला असे कोंडले, की अखेर त्याने शरणागती पत्करून वाट मागितली. ती कोथळीगडावरही आहे. १६८४ साली फितुरीने मोगलांकडे गेलेला हा गड परत घेण्यासाठी मराठ्यांनी रक्त सांडले. मावळ्याला छत्री नसते. ती रणभूमी हीच त्याची समाधी.

आणि या समाध्यांभोवती आज काय चालले आहे? द्रुतगती महामार्ग आला, शेतघरे आली, 'निसर्गाच्या कुशीत' म्हणून भूखंडांचे फलक आले. विकासाला आमचा विरोध नाही. आमच्या मुलांनाही रोजगार हवा आहे. पण कायदा काय सांगतो तेही पाहा. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मात्र हे कवच सूचीत नाव असलेल्यालाच मिळते. गावाच्या वेशीवर शेंदूर फासून उभा असलेला वीरगळ कोणत्या सूचीत आहे? रस्तारुंदीत तो हलविला, भरावात गाडला, तर विचारणार कोण?

येथे काही विद्वान म्हणतील, "मेलेल्यांवर खर्च कशाला, शाळा काढा." त्यांना एवढेच सांगावे, की शाळेत इतिहास शिकवायचा असेल तर तो पाहण्यासाठी एक जागा शिल्लक ठेवा. पण कठोर शब्द आपल्यासाठीही राखून ठेवले पाहिजेत. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या समाधीला चकचकीत लाद्या बसविणारे, घडीव दगडावर तैलरंग फासणारे, शेजारी सिमेंटची कमान उभारून तिच्यावर स्वतःचे नाव कोरणारे हात परक्यांचे नसतात. वर्षातून एकदा भगवा घेऊन जायचे, घोषणा द्यायच्या आणि उतरताना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मागे ठेवायच्या, ही भक्ती नव्हे. अशी भक्ती समाधीला पुराइतकीच घातक आहे.

तर मग करावे काय? प्रत्येक गावाने आपले वीरगळ, समाध्या, जुन्या तोफा यांची छायाचित्रांसह नोंद करावी. ग्रामसभेत ठराव करून त्या जागेची ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद घ्यावी आणि पुरातत्त्व विभागाकडे संरक्षणाची मागणी लेखी करावी. जाणकाराच्या सल्ल्याशिवाय एकही दगड हलवू नये, एकही रंगाचा हात मारू नये. आणि प्रत्येक कुटुंबाने मुलांना वर्षातून एक दिवस आपल्या तालुक्यातील एका रणभूमीवर न्यावे. याला ना पारपत्र लागते ना विमानाचे तिकीट.

अण्णांनी त्या संध्याकाळी उंबरखिंडीला जाण्याचा दिवस तेथल्या तेथे ठरविला. वाचकहो, आपणही ठरवा. पिरॅमिड अवश्य पाहा. तो आणखी चार हजार वर्षे थांबेल. उंबरखिंड थांबेलच, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. ती आपणच दिली पाहिजे.