पोखरणाऱ्याचे नाव

फुलंब्रीच्या मक्याच्या रानात राहून समुद्रातल्या स्पंजाविषयी लिहायचे म्हणजे काही वाचकांना गंमत वाटेल. आपल्यापैकी कित्येकांनी समुद्र सहलीतच पाहिलेला, आणि पोवळे म्हणजे अंगठीतला लाल खडा! तरीही लिहितो, कारण प्रश्न समुद्राचा नाही, ओळखीचा आहे.

गोव्यात वास्कोजवळ ग्रँड आयलंड हे बेट आहे. तेथील जिवंत प्रवाळांना एक स्पंज पोखरत होता. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संभाजी मोटे, बबन इंगोले व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली ही जाती शास्त्राला नवी असल्याचे दाखविले. नाव ठेवले क्लायोना थॉमसी. भारतीय स्पंजांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या पी. ए. थॉमस यांच्या आठवणीखातर.

या प्राण्याला दात नाहीत. त्याच्या पेशी आम्लाने चुनखडी कोरतात आणि सूक्ष्म कण सुटे करून बाहेर टाकतात. रंगावरून, आकारावरून त्याची ओळख पटवू गेलो तर फसगत ठरलेली. म्हणून स्पंजाचा तुकडा आम्लात विरघळवितात. मऊ भाग जातो, वाळूच्या द्रव्याच्या टाचणीसारख्या कंटिका उरतात. त्यांची डोकी, लांबी, वळणे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, जुन्या वर्णनांशी ताडायची. अलीकडे डीएनएची साक्षही काढतात.

कोणी म्हणेल, पोखरणारा तो पोखरणारा, नाव हवे कशाला? हे मत मला मुळीच मान्य नाही. याच कुळातले काही स्पंज रिकाम्या शिंपल्यात घर करतात, काही जिवंत प्रवाळावर चालून जातात. सर्वांना एकाच नावाखाली घातले तर धोका कोठे वाढतो आहे हे कळणार कसे?

आपल्या रानातले उदाहरण घ्या. लष्करी अळी हे नाव जुनेच होते. २०१८ साली भारतात आढळलेली अमेरिकन लष्करी अळी निराळी. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. ती मक्याच्या पोंग्यात दडून बसते. औषध पोंग्यात पडले नाही तर फवारणीचा पैसा पाण्यात. ते ठिपके मोजणे ही काय नुसती घोकंपट्टी?

कला शाखेने तर वर्गीकरणाला नाक मुरडूच नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ते काम याच जातीचे. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक चिकाटीने पाहणे, एवढेच ते.

म्हणून माझी सूचना अशी: खुरपणी करणाऱ्या बायकांना तालुक्यातल्या तणांची जी नावे ठाऊक आहेत, ती आपण मराठी विभागातर्फे टिपून घ्यावीत. मात्र नुसती नावे नकोत, प्रत्येकाबरोबर वाळवलेला नमुना हवा. नाहीतर दोन गावांचा एकाच नावावरून वाद व्हायचा. खर्च फारसा नाही. रद्दी घरोघरी आहे, आणि नमुने दाबायला जाडजूड ग्रंथ ग्रंथालयात पडून आहेतच.