हरणाऱ्याला एक गुण कशासाठी?

चेन्नईत बर्फ सापडतो तो मासळीबाजारात, नाहीतर रसवंतीवर. अशा गावात बसून आइस हॉकीवर लिहिणं म्हणजे जरा गंमतच आहे. पण मेसमध्ये अमेरिका-कॅनडाच्या एनएचएलचे सामने लावणारा एक तरुण कॅप्टन आहे. लडाखला पोस्टिंग असताना जवानांसोबत गोठलेल्या तळ्यावर खेळून त्याला हा नाद लागला. परवा त्याने गुणतक्ता दाखवून विचारलं, “सर, कमी सामने जिंकलेली टीम वर कशी?”

उत्तर सोपं आहे, पण पटणारं नाही. एनएचएलमध्ये विजयाला 2 गुण. ठरलेल्या 60 मिनिटांत हरलात तर शून्य. मात्र बरोबरी होऊन जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलात, तर 1 गुण. म्हणजे काही सामन्यांत एकूण 2 गुण वाटले जातात, काहींत 3. हा तिसरा गुण येतो कुठून? कुणाच्याच खिशातून नाही.

दहा सामन्यांचा हिशोब करू. एक संघ 5 जिंकला आणि 5 जादा वेळेत हरला, त्याचे 15 गुण. दुसरा 7 जिंकला, 3 सरळ हरला, त्याचे 14. सात विजयवाला खाली! आता ऑलिंपिकमध्ये वापरतात ती पद्धत लावा. सरळ विजयाला 3, जादा वेळेतल्या विजयाला 2, तशा पराभवाला 1, सरळ पराभवाला 0. सगळे विजय 60 मिनिटांतले धरले तर पहिल्याचे 20, दुसऱ्याचे 21. क्रम उलटला.

हा जादा गुण 1999-2000 च्या हंगामात आला. हेतू चांगला होता. बरोबरीत मिळालेला गुण जाईल या भीतीने संघ जादा वेळेत नुसते बचाव करत. तो गुण पक्का केला तर ते हल्ला करतील, असा विचार. तसं झालंही. पण मग बचाव सरकला अलीकडे, तिसऱ्या सत्राच्या शेवटच्या दहा मिनिटांत. स्कोअर 2-2 असेल तर दोन्ही बाजूंना आता धोका पत्करून मिळतं काय? शांतपणे वेळ काढा, एकेक गुण खिशात टाका, मग बघू. नियम करणाऱ्याने माणूस कसा वागावा हे ठरवलेलं असतं, माणूस मात्र नियमात कशाला मोल आहे ते बघून वागतो. इंटर-कंपनी स्पर्धेत आमचे कॅडेटही हेच करतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

झुंज देऊन हरणाऱ्याला काहीच देऊ नये, असं मी म्हणत नाही. शिस्तीत माघार घेणाऱ्या तुकडीची किंमत फौजेत सगळ्यांना ठाऊक असते. पण तो गुण विजेत्याच्या वाट्यातून जावा, कारण त्याला 60 मिनिटांत निकाल लावता आला नाही. 3-2-1-0 मध्ये नेमकं हेच होतं. प्रत्येक सामन्याची किंमत तीनच राहते.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर आपल्या एग्मोरच्या मेयर राधाकृष्णन स्टेडियमकडे या. खेळ मैदानी हॉकीचा, पण तक्ता तक्ताच. ऑगस्ट 2023 मध्ये इथे आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी झाली. सहा संघ, प्रत्येकाचे पाच सामने, विजयाला 3, बरोबरीला 1. भारत 13 गुणांवर, मलेशिया 12 वर. त्याखाली कोरिया, जपान आणि पाकिस्तान, तिघांचेही 5 गुण, तिघांचा एकेक विजय. मग गोलफरक बघितला. कोरिया उणे 1, जपान उणे 2, पाकिस्तान उणे 5. शेवटच्या साखळी सामन्यात भारताने पाकिस्तानला 4-0 हरवलं आणि ते पाचवे राहून बाहेर पडले. खरं तर 1-0 सुद्धा पुरलं असतं. गोलफरक जपानइतका झाला असता, पण जपानचे गोल 8, पाकिस्तानचे 7.

आता गंमत बघा. गोलफरकाऐवजी त्या तिघांचे आपापसातले सामने आधी धरले असते तर? कोरियाने जपानला 2-1 हरवलेलं, बाकी दोन्ही लढती बरोबरीत. कोरियाचे 4, पाकिस्तानचे 2, जपानचा 1. जपान बाहेर, पाकिस्तान चौथा, आणि पहिला विरुद्ध चौथा या न्यायाने उपांत्य फेरीत पुन्हा भारत-पाकिस्तान! तिकिटांसाठी एग्मोर स्टेशनपर्यंत रांग लागली असती.

तरीही माझं मत गोलफरकाच्या बाजूने. सगळे सगळ्यांशी खेळले असतील तर पाचही सामन्यांतली कामगिरी धरावी, सोयीच्या दोनच का? आपल्याला जपान मिळाला, तो 5-0 ने हरला, आणि अंतिम सामन्यात मलेशियाविरुद्ध 1-3 वरून आपण 4-3 असा चषक जिंकला. आमच्या कॅप्टनला मात्र अजून वाटतं की दुसरा नियम हवा होता. त्याला ती सेमीफायनल बघायची होती.