उपेक्षित ४६एम : सौदा आणि सुधारणा

दहा मीटर एअर पिस्तूल या प्रकारात आज स्पर्धेला उभ्या राहणाऱ्या बहुतेक नेमबाजांच्या हाती असते ते नळीखालच्या छोट्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने आधीच भरून ठेवलेल्या हवेवर चालणारे पिस्तूल, आणि ही व्यवस्था रुळल्यापासून तिच्या आधीच्या पिस्तुलांविषयी जुन्या बाजारात एक सरसकट उपेक्षा मुरली आहे. या उपेक्षेचा ठळक नमुना म्हणजे रशियातील इझेव्स्क यांत्रिक कारखान्यात तयार झालेले आणि बैकाल या नावाने जगभर विकले गेलेले आयझेडएच-४६एम. ते विकणारा त्याची किंमत पाडून सांगतो आणि घेणारा त्यावर नको तिथे पैसा ओततो. दोघांचेही चुकते ते एकाच जागी. या पिस्तुलाच्या नळीची योग्यता आणि ते चालवताना हाताला पडणारे कष्ट या दोन वेगळ्या बाबी असून त्यांचा हिशोबही वेगळा मांडायला हवा, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

इझेव्स्क हे उद्मुर्तियाच्या राजधानीचे शहर १८०७ पासून शस्त्रनिर्मितीसाठी ओळखले जाते, आणि तेथील यांत्रिक कारखाना १९४२ मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात उभा राहिला; मकारोव्ह हे सोव्हिएत लष्करी पिस्तूल याच कारखान्याचे. लष्करी उत्पादनाची सवय जडलेल्या या कारखान्याने स्पर्धेसाठी बनवलेल्या पिस्तुलात नळी उत्तम केली आणि बाहेरची कलाकुसर मात्र बेतास बात ठेवली, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे ठरणार नाही. यंत्रणा एकदाब प्रकारची आहे, म्हणजे प्रत्येक शॉटसाठी नळीखालचा लांब दांडा एकदाच पुढे नेऊन मागे आणायचा असतो. पुढे जाताना दट्ट्या बाहेरची हवा आत घेतो आणि दांडा परतताना तीच हवा लहानशा कप्प्यात दाबली जाते. दर वेळी वातावरणातील तेवढीच हवा तेवढ्याच जागेत कोंबली जात असल्यामुळे छर्‍याचा वेग शॉटगणिक फारसा हलत नाही, आणि त्यासाठी सिलिंडरवर चालणाऱ्या पिस्तुलात लागणारा दाबनियंत्रक येथे लागतच नाही. मूळच्या ४६ या प्रतिरूपात वेग सेकंदाला सुमारे १२८ मीटर होता, तर मोठ्या दाबनलिकेच्या ४६एममध्ये तो सुमारे १४६ मीटरपर्यंत पोहोचला. अर्ध्या ग्रॅमच्या छर्‍याच्या बाबतीत याचा अर्थ पाच ज्यूलच्या आसपास ऊर्जा असा होतो, आणि कागदी लक्ष्याला गोल, स्वच्छ भोक पाडण्यास ती पुरेशी असते.

नळीच्या योग्यतेचा हिशोब लक्ष्यावरील मापांवरून मांडता येतो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो, छर्‍याचा ४.५ मिलिमीटर, आणि पात्रता फेरीत पूर्णांकी गुण मोजले जात असल्याने छर्‍याची कड वर्तुळाला नुसती स्पर्शली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्‍याचा मध्य लक्ष्यकेंद्रापासून आठ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहा शाबूत राहतात, आणि छर्‍यांचे मध्य १६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात विखुरले तरी, तो विखुर लक्ष्याच्या केंद्राभोवती असेल तर, प्रत्येक शॉटला पूर्ण गुण पडतात. धडधाकट ४६एम शिकंज्यात धरून आणि जुळणारे छर्रे वापरून डागले, तर पाच शॉटचा ग्रुप या मर्यादेच्या पुष्कळ आत बसतो. महागड्या पिस्तुलाचा ग्रुप त्याहून मिलिमीटरभर लहान असेलही, परंतु हाताची थरथर आणि ट्रिगर दाबताना होणारी चूक यांनी मिळून जी जागा खाल्ली जाते तिच्यापुढे तो मिलिमीटर कुठल्या कुठे हरवतो. जाहिरातीतील ग्रुपची छायाचित्रे पाहून पिस्तूल बदलणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे.

मग उपेक्षा कशामुळे झाली? ती सर्वस्वी निराधार नाही. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात, त्याआधी सरावाचे शॉट वेगळेच, आणि दांड्याच्या प्रवासाच्या शेवटी जोर बराच वाढत असल्यामुळे ही सारी मेहनत खांद्यात आणि बाहूत साठत जाते. त्याहून मोठी अडचण पकडीची आहे. दांडा ओढताना मुठीवरचा हात हलतो, अनेकदा तो सोडून पुन्हा बसवावा लागतो, आणि पिस्तूल नेमबाजीत पकड दर वेळी हुबेहूब तशीच बसणे हेच तर निम्मे कौशल्य आहे. अंतिम फेरीत एकेका शॉटला ५० सेकंद मिळतात तेव्हा दांडा, छर्रा, पकड, श्वास आणि नेम हे सारे त्यात बसवताना स्थिरावण्यासाठी वेळ उरतो तो तुटपुंजा. म्हणून राष्ट्रीय पातळीवर अंतिम फेरीची आकांक्षा धरणाऱ्या नेमबाजाला कोचने हेच पिस्तूल मुख्य म्हणून वापरण्याचा सल्ला द्यावा, असे कोणी म्हणणार नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या, बांध्याने लहान मुलामुलींच्या हातीही ते देऊ नये. अर्ध्यावर निसटलेला दांडा बोटांना चांगलाच तडाखा देतो.

उलट बाजूला ज्या गोष्टी आहेत त्या मात्र बाजार मोजतच नाही. सिलिंडरला निर्मात्याने घालून दिलेली वयोमर्यादा असते, साधारणपणे दहा वर्षांची, आणि सिलिंडर मुदतीत आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी नेमबाजावर टाकली आहे, त्यामुळे जुने सिलिंडरचे पिस्तूल स्वस्तात घेणाऱ्याला लवकरच नव्या सिलिंडरचा खर्च उचलावा लागतो. एकदाब पिस्तुलात मुदत संपणारे असे काही नाही. कोल्हापूर-पुण्याच्या रेंजवर हवा भरण्याची सोय सहज मिळते, पण तालुक्याच्या गावी शाळेच्या सभागृहात सराव चालवणाऱ्या क्लबाला कॉम्प्रेसर नाही तर हातपंप, आणि त्याची देखभाल, हे वेगळे ओझे होऊन बसते. यंत्रणा जितकी गुंतागुंतीची तितके तिचे बिघाडही अधिक, हे भारतीय नेमबाजांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये फार जवळून पाहिले. जुलै २०२१ मधील पात्रता फेरीत मनू भाकर हिचे पिस्तूल मध्येच बिघडले, दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली आणि ५७५ गुणांवर ती १२ व्या स्थानी राहिली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्यपदक मिळवले, ही त्या गोष्टीची सुखद बाजू. दांड्याचे पिस्तूल कधी बिघडतच नाही असा याचा अर्थ नव्हे, परंतु त्यात जे बिघडते ते बहुधा रबराचे असते आणि ते बदलण्यास इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा तंत्रज्ञ शोधावा लागत नाही.

सुधारणेचा विषय येथूनच सुरू व्हायला हवा, म्हणजे रबरापासून. बहुतेक खरेदीदार पिस्तूल हाती येताच नवी मूठ मागवतात किंवा ट्रिगर खोलून बसतात, आणि दट्ट्यावरची व झडपेवरची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, वीस वर्षांची असूनही तशीच राहते. ती तपासण्याची रीत सोपी आहे. छर्‍याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ मांडून आधी दांडा मिटताच लगेच पाच शॉट मारावेत आणि नंतर दांडा मिटल्यावर पूर्ण एक मिनिट थांबून पाच मारावेत, पिस्तुलाचे तोंड या सर्व काळात लक्ष्याकडेच ठेवून. दोन्हीचा वेग सारखाच आला तर झडप घट्ट आहे. थांबल्यावर तो लक्षणीय घसरला तर हवा झडपेतून गळते आहे. आणि दोन्ही वेळा तो कमीच आला व दांडाही शेवटपर्यंत हलका लागला, तर दोष दट्ट्यावरच्या कडीचा समजावा. मापाच्या ओ-रिंग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या औद्योगिक बाजारात किरकोळ किमतीला मिळतात, मात्र जाडी आणि आतला व्यास कॅलिपरने मोजून घ्यायला हवा आणि रबर तेलाला टिकणारे, म्हणजे नायट्राइल, असावे. बसवताना सिलिकॉन तेलाचा हलका हात पुरतो. दांडा परत आणण्याची गतीही दर वेळी एकच ठेवावी लागते, कारण सुरुवातीला रेंगाळले तर कडी नीट फुगून बसण्याआधीच थोडी हवा मागे सटकते आणि क्रोनोग्राफवर जो वेग हलताना दिसतो त्याचा दोष पिस्तुलाच्या माथी विनाकारण मारला जातो.

त्यानंतर मूठ. कारखान्याची अक्रोडाची मूठ वाईट नाही, पण ती कोणा एका हाताची नाही, आणि येथे दोन मार्ग उरतात : मूळ मुठीवर लाकडी पुट्टी चढवून व कानशीने घासून ती स्वतःच्या हाताला जुळवणे, किंवा तयार शारीरमितीय मूठ विकत घेणे. पहिला मार्ग स्वस्त, दुसरा देखणा. पण विक्रीच्या दृष्टीने पाहता पहिल्या मार्गाने मूळ मूठ कायमची बदलते आणि दुसऱ्या मार्गात ती पेटीत जपून ठेवता येते, हा भेद पुढे किमतीत उतरतो. नियमांचेही भान हवे. तळहाताखालचा आधार आणि मूठ यांच्यातील कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही, मूठ हाताला वेढा घालू शकत नाही आणि सबंध पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या तपासणीपेटीत बसावे लागते. पुट्टीचे थर चढवत गेल्यावर ५० मिलिमीटरची रुंदी केव्हा ओलांडली जाते हे कळतही नाही. लांबीच्या बाबतीत तर ४६एममध्ये मोकळीकच नाही, कारण ते मुळात ४२० मिलिमीटरच्या काठावर आहे. नळीच्या टोकाला पुढे येणारे कोणतेही वजन लावले की तपासणीत पिस्तूल बाद. वजनात मात्र सवड आहे. मर्यादा १५०० ग्रॅमची असून हे पिस्तूल सुमारे १३०० ग्रॅमचे आहे, त्यामुळे ज्यांना तोंडाकडे झुकणारा तोल आवडतो त्यांनी नळीखाली, दांड्याच्या आड न येणारे, छोटे वजन जोडून पाहण्यास हरकत नाही.

ट्रिगरविषयी थोडे सबुरीने घ्यावे. पहिल्या टप्प्याचा प्रवास, दुसऱ्या टप्प्याचे वजन आणि सुटल्यानंतरचा थांबा हे सर्व स्क्रूने जुळवता येते, आणि एवढ्यानेच बहुतेकांचे काम भागते. ज्यांना आकडीचे, म्हणजे ट्रिगर धरून ठेवणाऱ्या पोलादी कडेचे, तासकाम करण्याचा मोह होतो त्यांनी तो आवरलेला बरा. घासलेली कड परत येत नाही, आणि ५०० ग्रॅमचे तपासणीवजन उचलू न शकणारे पिस्तूल स्पर्धेच्या दृष्टीने निरुपयोगी असते. वजन ५१०–५२० ग्रॅमवर ठेवले तर स्प्रिंग थोडी सैलावली तरी धोका राहत नाही. या पिस्तुलात हवा न भरता केवळ ब्रीच उघडून मिटली तरी ट्रिगर चढतो, त्यामुळे छर्‍याविना ट्रिगरचा सराव, ज्याला सगळे ड्राय फायरिंग म्हणतात, तो घरच्या भिंतीसमोर हवा तेवढा करता येतो. नवशिक्यांच्या कोचला ही एक सोय हजार रुपयांच्या सुट्या भागांपेक्षा अधिक उपयोगाची वाटावी. माशी आणि मागची खाच यांची रुंदी हाताच्या लांबीनुसार निवडावी. नळीला कोणीही हात लावू नये.

विक्रीच्या वेळी खर्च केलेला पैसा किमतीत मिळवण्याचा प्रयत्न बहुतेक विक्रेते करतात आणि बहुतेकांचा तो फसतो, कारण एका हातासाठी घासलेली मूठ दुसऱ्या हाताला अडसरच असते. खरेदीदार ज्यासाठी पैसे मोजायला तयार असतो ते वेगळेच आहे : नव्या ओ-रिंग बसवल्याची तारीख, सलग दहा शॉटचा वेग लिहिलेला कागद, कोणत्या छर्‍याने शिकंज्यातून मारलेला ग्रुप आहे हे नोंदलेले मूळ लक्ष्य, पेटीत जपलेली मूळ मूठ आणि आयातीची कागदपत्रे. एवढी सामग्री असलेले ४६एम तिच्याविना असलेल्या पिस्तुलापेक्षा सरस भावाला जावे, आणि विक्रेत्याने तसा भाव सांगण्यात संकोच करू नये. ऑलिंपिक दर्जाचे, अशी जाहिरात मात्र या कागदांची जागा घेऊ शकत नाही; ते शब्द आता इतके झिजले आहेत की जाणता माणूस त्यावरून पुढे सरकतो.

किमतीचा आणखी एक कंगोरा राजकारणाचा आहे. २०१३ मध्ये इझेव्स्कचे मोठे शस्त्र कारखाने कलाश्निकोव्ह समूहात एकत्र येऊ लागले आणि जुलै २०१४ मध्ये अमेरिकेने त्या समूहावर निर्बंध लादले, त्यामुळे पश्चिमेकडील बाजारात नव्या ४६एमची वाट बंद झाली आणि जुन्यांना तेथे अचानक मागणी आली. भारतातील विक्रेत्याने मात्र परदेशातील ते चढे आकडे पाहून येथील किंमत ठरवू नये, कारण येथे ग्राहक वेगळा, आयातीचे नियम वेगळे, आणि पिस्तूल देशाबाहेर पाठवणे हा जवळजवळ अशक्य मार्ग. शस्त्र नियम २०१६ हवेच्या शस्त्रांचे वर्गीकरण ऊर्जा आणि कॅलिबर यांवरून करतात; पाच ज्यूलच्या या पिस्तुलाचा त्यात नेमका वर्ग कोणता आणि हस्तांतरासाठी कोणती नोंद लागते हे चालू तरतुदी पाहून सौद्यापूर्वीच निश्चित करावे, आणि अनुक्रमांकासह लेखी पावती दोघांनीही ठेवावी. ज्या जिल्हा क्लबांना नव्या पिस्तुलासाठी दोन-तीन वर्षे अनुदानाची वाट पाहावी लागते, त्यांनी अशी एक-दोन नीट राखलेली ४६एम घेऊन प्रौढ सदस्यांच्या सरावासाठी आणि स्पर्धेच्या दिवशी राखीव म्हणून वापरण्याचा विचार आतापासून करावा, कारण चांगल्या स्थितीतील पिस्तुले दर वर्षी कमीच होत जाणार आहेत.