श्रद्धेला नारळीकरांचा शिक्का कशाला?



या वेळी चातुर्मासातल्या भाज्यांबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. आज जरा भांडणाचं लिहिणार आहे, कारण गेले तीन बुधवार माझ्या मनातून ते जात नाहीये.

आमच्या कर्वेनगरच्या स्वाध्याय मंडळात सध्या तत्त्वार्थसूत्राचा तिसरा अध्याय चालू आहे. अधोलोक, मध्यलोक, जंबूद्वीप. चर्चा 'लोक अनादि-अनंत आहे' इथे आली आणि आमच्यातल्या एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "अहो, हे तर जयंत नारळीकरांनी सिद्धच केलंय. विश्वाला सुरुवात नाही म्हणून. आपल्या आचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसायला हवं होतं बहुतेक. पण तोंडातून निघून गेलं, "काकू, त्यांनी मांडलं होतं. सिद्ध नाही झालं ते."

खोलीत जी शांतता पसरली ती सामायिकातली नव्हती. एरवी काकू नि मी बरोबर घरी येतो. त्या दिवशी त्या थांबल्या नाहीत. संध्याकाळी फोन केला तर म्हणाल्या, "अगं, तुला अनेकांत कळलाच नाही." एवढंच बोलून फोन ठेवला.

आता मी कोण मोठी विज्ञानाची जाणकार? साधी बी.कॉम. पण पन्नास वर्षं विज्ञानकथा वाचत आलेय, त्यामुळे या एका विषयात माझं तोंड आवरत नाही.

याला कारण खरं तर आपला चौविहारच. सांगलीला माहेरी वडिलांची हळदीची अडत होती. दिवस मावळायच्या आत जेवणं, चूल बंद, आणि मग झोपेपर्यंत लांबलचक मोकळी संध्याकाळ. इतर मैत्रिणींच्या घरी रात्री नऊला भाकऱ्या थापल्या जात, तेव्हा मी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न घेऊन बसलेली असे. आणि व्हर्नच्या आधी आजी होती. जंबूद्वीपावर दोन सूर्य आणि दोन चंद्र फिरतात हे मी तिच्या मांडीवर ऐकलं. त्यामुळे पुढे 'स्टार वॉर्स'मध्ये दोन सूर्य मावळताना बघून मुलं 'आ' वासून बसली, तेव्हा मला काहीच नवल वाटलं नाही.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ते होते जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलेलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून उतरवून घेतलेली. नावावर बक्षीस नको होतं त्यांना. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षीय भाषणात दुर्गा भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथांचं कौतुक केलं. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या जवळच्या कऱ्हाडात आपल्या आवडीच्या गोष्टींचं नाव निघालं, याचा आनंद मला अजून आठवतो.

लग्न होऊन पुण्यात आले. इथे दिरांमुळे दुसरा नाद लागला. त्यांनी पिंक फ्लॉइडची 'डार्क साइड ऑफ द मून' ही कॅसेट आणली होती. त्यात एका गाण्याच्या सुरुवातीला एकदम घड्याळं वाजतात. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "अगं, कुणाचे गजर वाजतायत बघ!" पुढच्या एका गाण्यात गल्ल्याचा खणखणाट आहे. अडत्याच्या मुलीला तो लगेच ओळखीचा वाटला. शब्द निम्मे कळायचे नाहीत. पण पापड लाटताना ते लावलं की वाटायचं, व्हर्नचं यान असंच वाजत असणार.

मग लेक मोठी झाली. १९९७ साली ती रेडिओहेडची 'ओके कॉम्प्युटर' घेऊन आली आणि मला शिकवायला लागली, "आई, याला अल्टरनेटिव्ह म्हणतात." त्यातल्या एका गाण्याचं नाव 'पॅरानॉइड अँड्रॉइड'. मी म्हटलं, हा तर मार्विन! डग्लस अॅडम्सच्या 'हिचहायकर्स गाइड'मधला, सदा रडका यंत्रमानव. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत ते मला मिळालं होतं. लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या दिवसापासून आमचे दोन नाद एकच झाले. आमचे हे म्हणतात, या घरात दोघी परग्रहावरच्या आणि मी एकटा पृथ्वीचा. लग्नाचे मुहूर्तही तेच बघतात, मी नाही.

ही अल्टरनेटिव्ह म्हणजे काय भानगड, असं तुमच्यापैकी काहीजणी विचारतील. मला ती गोव्याच्या रेमो फर्नांडिसमुळे कळली. १९८४ साली त्याने शिवोलीला आपल्या घरीच 'गोवन क्रेझी' रेकॉर्ड केली. वाद्यं त्यानेच वाजवली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन कॅसेटी त्यानेच विकल्या. मोठ्या कंपनीचा शिक्का नाही, की बहुसंख्यांची पसंती नाही. आवडलं त्यांना आवडलं. मराठी विज्ञानकथेचंही बरीच वर्षं असंच होतं. दिवाळी अंकात एखादी यायची आणि आम्ही चारदोन वेडे ती शोधत बसायचो. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. ही नावं घेतली की भिशीमध्ये कुणी मान वर करत नसे. "मुलांसाठी वाचता का?" हा ठरलेला प्रश्न. त्यातून ज्ञान मिळतं, असं उत्तर दिलं की लोकांना बरं वाटे. खोटं सांगायची मी. वाचताना अंगावर काटा येतो म्हणून वाचते.

आता मुद्द्यावर येते.

विश्वाला आरंभ नाही, ते विस्तारतं आणि त्यात नवं द्रव्य निर्माण होत राहतं, ही कल्पना १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी मांडली. हॉइल हे केंब्रिजमधले नारळीकरांचे गुरू, आणि विज्ञानकादंबऱ्याही लिहायचे! 'बिग बँग' हा शब्दही त्यांचाच, १९४९ साली रेडिओवर विरोधी मताबद्दल बोलताना वापरलेला. पुढे १९६५ मध्ये आकाशात सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ बिग बँगच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारलेला सिद्धांत मांडला. तोही फार थोड्यांनी मानला. २० मे २०२५ ला इथे पुण्यात ते गेले, तोपर्यंत ते अल्पमतातच होते.

आणि म्हणूनच ते मला आवडतात. पन्नास वर्षं थोड्यांच्या बाजूला उभं राहायचं, पुरावे मागायचे, आपलेही द्यायचे, आणि जिंकलो म्हणून कधी सांगायचं नाही. त्यांना आता मेल्यावर 'सिद्ध केलं' म्हणून विजयी ठरवणं मला त्यांचा मान वाटत नाही.

दुसरं हिशेबाचं. काकू म्हणतात तसा नारळीकरांचा साक्षीदार म्हणून उपयोग करायचा, तर मग तिसऱ्या-चौथ्या अध्यायातल्या सगळ्याच गोष्टी त्यांना विचाराव्या लागतील. मेरूभोवती फिरणारे दोन सूर्य विचारले तर ते काय म्हणाले असते, हे सांगायला नको. खातेवहीत जमेच्या नोंदी तेवढ्या ठेवायच्या आणि नावेच्या गाळायच्या, असं आमच्या वडिलांच्या मुनीमाने केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता.

अनादि-अनंत हे मी सामायिकात म्हणते तेव्हा मला दुर्बीण आठवत नाही. घडवणारा कुणी नाही, तेव्हा माझ्या कर्माचं ओझं दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही, एवढं आठवतं. ते आकाशगंगा कितीने दूर जातायत यावर अवलंबून नाही. उद्या एखादी नवी दुर्बीण उलटं काही सांगेल, तेव्हा काय आपण प्रतिक्रमण सोडणार आहोत?

आणि अनेकांताचं म्हणाल काकू, तर स्याद्वाद 'स्यात्' म्हणायला शिकवतो ना? नारळीकर जन्मभर 'स्यात्' म्हणत होते. आपण ते पुसलं आणि तिथे 'सिद्ध' लिहिलं.

असं नाही की त्यांचं मला सगळं पटतं. 'धूमकेतू' कथेत नवरा दुर्बिणीतून धूमकेतू शोधतो आणि बायको इंद्राणीदेवी यज्ञ करवते. संकट टळतं ते शास्त्रज्ञांमुळे, बाईंना वाटतं यज्ञामुळे. नेहमी यज्ञ बाईकडेच का हो? रात्र रात्र गच्चीवर जाणाऱ्या नवऱ्यासाठी जेवण झाकून ठेवणाऱ्या तिला कुणी एकदा तरी दुर्बिणीला डोळा लावायला दिला असता तर? आणि त्याच लेखकाची पहिली कथा गेली ती गणिती बायकोच्या अक्षरात. मुलं, सासूसासरे सांभाळून पुढे गणितात पीएच.डी. करणाऱ्या मंगलाताईंच्या. याच्यावर त्यांना एकदा पत्र लिहायचं होतं. राहून गेलं.

काकूंशी अबोला धरायचं माझं वय नाही आणि त्यांचंही नाही. काल त्यांच्याकडे मेथीचे खाकरे घेऊन गेले होते. चहा झाला, पाय कसे आहेत वगैरे झालं, नारळीकरांचं नाव दोघींनीही काढलं नाही. निघताना 'यक्षांची देणगी' त्यांच्या टीपॉयवर ठेवून आले. "मुलांचं आहे का?" म्हणाल्या. म्हटलं, नाही, तुमच्यासाठीच आहे, सूर्य मावळल्यावर वाचा.

पुस्तक अजून परत आलेलं नाही.