अर्थ सांगणारे शब्दही ओळखीचे हवेत

अडलेला इंग्रजी शब्द कोशात पाहावा, तर त्याच्या अर्थातच आणखी दोन अनोळखी शब्द दबा धरून बसलेले. शिकणाऱ्याच्या या हालांवर नेमका इलाज शोधणाऱ्यांपैकी एक होता मायकेल वेस्ट. ढाक्यात शिक्षकांना घडवणाऱ्या या इंग्रज अध्यापकाने जेम्स एन्डिकॉटसह १९३५ मध्ये एक कोश काढला. त्यात सुमारे २४ हजार शब्द आणि वाक्प्रचार अवघ्या १,४९० सोप्या शब्दांत समजावलेले होते. (मोठमोठे शब्द वापरून अर्थ सांगणे त्यामानाने सोपेच.) जपानमध्ये शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबीला निराळीच अडचण दिसली: अर्थ कळूनही विद्यार्थ्याला शब्द वाक्यात बसवता येत नाही. म्हणून त्याने आणि सहकाऱ्यांनी आपल्या कोशात क्रियापदांचे वाक्यातले साचेच नोंदवले. ब्रिटनशी युद्ध पेटलेले असताना, १९४२ मध्ये, तो कोश चक्क तोक्योत छापला गेला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. ऑक्सफर्डची आजची ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ डिक्शनरी ही त्याचीच पुढची पिढी. मग खिशात मावणारा इंग्रजी-मराठी कोश पुरणार नाही का? टायगर म्हणजे वाघ, एवढ्यापुरता तो ठीक. पण पुट, अप आणि विथ हे तिन्ही शब्द पाठ असले, तरी ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सोसणे, हे त्यांच्या बेरजेतून निघत नाही. तेव्हा घरातल्या मुलांसाठी कोश घेताना किंमत आणि जाडी नंतर पाहा. आधी मुखपृष्ठावर ‘लर्नर्स’ लिहिले आहे का, ते बघा.