‘गॅग’, मुस्कटदाबी आणि धुळ्याचा तुरुंग

इंग्रजीतील ‘गॅग’ हा शब्द बहुधा ध्वनीतून जन्मला. गळा आवळल्यावर घशातून जो घुसमटलेला आवाज निघतो, त्याचे हे अनुकरण. आरंभी त्याचा अर्थ गळा दाबणे असा होता. तोंडात बोळा कोंबणे हा अर्थ नंतर आला. १७९५ साली पिट यांच्या सरकारने राजद्रोह आणि सभाबंदीचे दोन कायदे केले. विरोधकांनी त्यांना ‘गॅगिंग अ‍ॅक्ट्स’ म्हटले आणि शब्द राजकारणात रुळला.

हिंदुस्थानात हे टोपणनाव विशेष गाजले ते लॉर्ड लिटन यांच्या १८७८ च्या कायद्यामुळे. जिल्हाधिकाऱ्याने मुद्रकाकडून हमीपत्र घ्यावे, छापखाना जप्त व्हावा आणि न्यायालयात दाद मागता येऊ नये, अशी ती योजना. इंग्रजी पत्रे मात्र मोकळी! पाठ्यपुस्तकांतील ‘देशी वृत्तपत्र कायदा’ हे नाव त्यामुळे फारच सोज्ज्वळ वाटते.

‘मुस्कटदाबी’ हा मराठी शब्द अधिक नेमका आहे. मुस्कट म्हणजे तोंड, तेही तुच्छतेने उच्चारलेले. इंग्रजी शब्दात गुदमरणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. मराठी शब्दात दाबणारा हात दिसतो. (‘मुसक्या आवळणे’ हा प्रकार निराळा, तिथे बांधले जातात ते हात.)

हा हात खानदेशानेही पाहिला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील नोकरी सोडून साने गुरुजी १९३० साली कायदेभंगात उतरले. १९३१ च्या वृत्तपत्र कायद्याने मुद्रकांवर पुन्हा जामिनाच्या रकमेची टांगती तलवार आणली होती. १९३२ साली गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते, विनोबाही तिथेच. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून उभा राहिला.

या प्रसंगाची आठवण काढताना तुरुंगाचा आश्रम झाला, असे कौतुकाने म्हटले जाते. ते कौतुक विनोबांचे आणि गुरुजींचे असावे, भिंतींचे नव्हे. बाहेरच्या सभांत जी वाणी घुमायची, ती कैद्यांपुरती राखणे हाच सरकारचा हेतू होता. गुरुजींचा ‘पत्री’ हा काव्यसंग्रहही पुढे सरकारने जप्त केला.